आरोग्याची काडी

आमच्या रादोव्हो गावात "काय, कसं चाललंय?" असं विचारल्यावर कोणी "छान!" म्हणाला, तर समजावं, गडी परगावचा आहे, नाहीतर सकाळीच प्यायलाय. आमचं उत्तर ठरलेलं आहे: "चाललंय कसंतरी." फारच बरं चाललं असेल तर "अजून मेलो नाही." पोराला नोकरी लागो, गाईला जुळी वासरं होवोत, उत्तरात फरक नाही. चांगलं मोठ्यानं बोललं की कोणीतरी ऐकतो आणि मोडता घालतो, असा आमचा समज. हा ऐकणारा कोण, ते आजवर कोणी विचारलेलं नाही. विचारायची छाती नाही म्हणा ना.

या बाबतीत त्सांकोचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. डबाबंद फळांच्या कारखान्यात तो फिटर होता. कारखान्यात नवी यंत्रं आली, बँड वाजला, भाषणं झाली, आणि त्सांको मागच्या रांगेतून म्हणाला, "हा बंद पडणार." पडला. शाळेवर नवं छप्पर घातलं तेव्हा म्हणाला, "छप्पर राहील, पोरं राहायची नाहीत." राहिली नाहीत. तेव्हापासून लोक त्याला मानायला लागले. गाय घ्यायच्या आधी, सोयरीक जमवायच्या आधी माणसं त्याच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. त्सांको ओठ मुडपायचा, डोंगराकडं बघायचा आणि म्हणायचा, "बघा बुवा." तेवढ्यावर किती गाई दावणीला यायच्या राहिल्या, त्याला गणती नाही. आणि हे सगळं तो दुःखानं करायचा असं समजू नका. चांगला मजेत असायचा. वाईट ते बोलून झालं की त्याला झोप छान लागायची.

वेलिका ही त्याची बायको. गावच्या वाचनघरात पुस्तकं देण्याघेण्यात तिची सगळी नोकरी गेली, आणि स्वभावानं ती मुळातच चौकस. एखादी गोष्ट अशी का, हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. वाचनघरात बायका यायच्या आणि पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायच्या. नायिका सुखानं नांदताना दिसली की "हॅ, पोरखेळ!" म्हणून पुस्तक परत. नायिका विहिरीत, नायक तुरुंगात, सासू वेडी झालेली, की लगेच पिशवीत. आमची लग्नातली गाणी घ्या. नवरी वाटेत मरते, नवरा लढाईत मरतो, घोडा तेवढा एकटा घरी येतो, आणि त्यावर सगळं गाव हातात हात घालून नाचतंय! वेलिकाला वाटायचं, उद्याचं तर दोघांनाही सारखंच ठाऊक नसतं. मग वाईट सांगणारा शहाणा आणि चांगलं सांगणारा बावळट, हे ठरवलं कोणी?

चांगलं सांगणारं माणूस तिच्या घरातच होतं. त्सांकोची आई, केरा. वय चौऱ्याऐंशीच्या पुढं, कान तिखट, डोळे अधू. एका वर्षी त्यांची गवताची वखार जळाली. सगळं गाव बादल्या घेऊन धावलं, त्सांकोच्या भुवया जळाल्या, आणि सकाळी केरा खिडकीत उभी राहून म्हणाली, "एक बरं झालं. आता इथून डोंगर दिसतो." त्सांको पुढं कितीतरी दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

"माझी आई ना," तो म्हणायचा, "बुडत्या नावेत बसून म्हणेल, पाय गार झाले, बरं वाटलं."

"वाटतंच मुळी," केरा म्हणायची. "तू कधी नावेत बसलास तर कळेल."

अशा दोघांच्या मधे वेलिकानं सगळा संसार केला होता. हसत केला, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी प्लमच्या हंगामात त्सांको टोपली घेऊन बागेची चढण चढत होता, तो मधेच दगडी बांधावर बसला. वेलिका मागून आली तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते. "काही नाही," तो म्हणाला, "मरतोय बहुतेक." हे तो एरवीही म्हणायचा, म्हणून ती आधी हसली. मग तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आणि तिचं हसू जागच्या जागी थिजलं.

प्लेव्हेनच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. हृदयाची झडप अरुंद झालीय, बदलावी लागेल, असं तिनं चित्र काढून समजावलं. "घाबरू नका. शंभरातले पंच्याण्णवच्या वर लोक धडधाकट घरी जातात."

"आणि उरलेले?" त्सांकोनं विचारलं.

"ते... प्रत्येकाचं वेगळं असतं."

"ते आमच्याकडचे असणार," त्सांको म्हणाला आणि टोपी घातली.

त्याचा बापही असाच ऑपरेशनला गेला होता, आणि फळीवर निजून, मेलेलाच परत आला होता. डॉक्टरणीनं वेलिकाला दारात थांबवून हळूच सांगितलं, की हे केलं नाही तर पुढचा हिवाळा बघतील असं वाटत नाही. जानेवारीतली एक जागा तिनं धरून ठेवली होती. नवं वर्ष लागलं की फोन करून नक्की सांगायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. घरी येताना वेलिकानं बसमध्ये विचारलं, "मग?" त्सांको म्हणाला, "बघू." इतक्या वर्षांच्या संसारात वेलिकाला एवढं कळलं होतं, की त्सांकोचं 'बघू' म्हणजे 'नाही'.

सगळा शरद ऋतू ती त्याच्यामागं लागली. गोडीनं सांगून झालं, रागावून झालं, अबोला धरून झाला. अबोल्याचा त्याला उलट आरामच वाटला. डिसेंबरअखेर त्यांची लेक रालित्सा परदेशातल्या व्हॅलेन्सियाहून आली. तिकडं ती एका वृद्धाश्रमात काम करते. आल्या आल्या बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, सगळं नीट होईल बघा."

त्सांकोनं तिला धरून लांब केलं आणि वेलिकाकडं बघितलं. "बिघडवली की गं हिला तिकडं."

"तिकडं सगळे असंच म्हणतात, बाबा. शिंकलं तरी म्हणतात. आधी मला वाटायचं, ही माणसं येडी आहेत की काय. मग माझ्याच तोंडात बसलं."

"मग खरंच होतं का तिकडं सगळं नीट?" वेलिकानं विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

रालित्सानं कोट खुंटीला लावला. "इथल्याइतकंच होतं, आई. पण तोवर जरा बरं जातं."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी घेवड्याचं सूप घेऊन चौघं टेबलाशी बसली होती. केरानं सकाळीच कुंपणावरच्या द्रियानच्या काड्या कापून आणून टेबलावर मांडल्या होत्या. संध्याकाळच्या बनित्सात घालायच्या त्या. पापुद्र्यांच्या थरांत चीज, दही, अंडी भरलेली बनित्सा तर आम्ही रविवारीही करतो, पण वर्षाच्या शेवटच्या बनित्सात काड्या असतात. द्रियान हे झाड असं, की बाकीची झाडं मेल्यासारखी उभी असतात तेव्हा याला कळ्या आलेल्या असतात. जाड गोल कळीची काडी ज्याच्या तुकड्यात निघेल त्याला वर्षभर आरोग्य. जोडकळीची घराची, लांबोडक्या कळीची प्रवासाची, फाटा फुटलेली प्रेमाची, आणि अशाच आणखी. आरोग्याची मात्र एकच घालतात, आणि सगळ्यांचा डोळा तिच्यावर.

सूप निम्मं झालं नाही तोच प्लेव्हेनचा विषय निघाला. रालित्सानं काढला, वेलिकानं उचलला, केरानं तिसरा हात लावला. त्सांकोनं चमचा खाली ठेवला.

"बास! तिघी मिळून माझं लोणचं घालताय." मग त्याची नजर काड्यांवर गेली आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली. "ठीक आहे. तुम्ही मानता ना हे? मग हेच ठरवू दे. आज आरोग्याची काडी मला आली, तर दोन तारखेला मी स्वतःच्या हातानं फोन लावीन. नाही आली, तर या घरात पुन्हा कोणी प्लेव्हेनचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"बाबा, हा काय पोरकटपणा!"

"पोरकटपणा? तुझ्या आजीला सांग तसं. चौऱ्याऐंशी वर्षं करतेय."

केरा काड्या चाचपत बसली.

त्सांको निर्धास्त होता, आणि त्याला कारणही होतं. जन्मापासून त्याला प्रवासाची काडी येत आलीय. ज्याला तालुक्याच्या बसमध्ये उलटी होते, त्याला दर वर्षी प्रवास! आरोग्याची त्याला कधी म्हणजे कधी आली नव्हती. वेलिकानं मात्र चमचा पुन्हा उचलला नाही. नवऱ्याचा जीव आता एका थाळीवर फिरणार होता, आणि थाळी कुठं थांबेल ते कोणाच्याच हातात नव्हतं.

जेवण झालं. त्सांको बर्फ ओढायला अंगणात गेला, म्हातारी पडली, रालित्सा फोनवर बोलत माडीवर गेली. वेलिका पीठ घेऊन बसली आणि लाटता लाटता तिच्या मनात आलं ते आलंच. आता आमच्याकडं एखाद्यानं कोंबडी चोरली तर लोक विसरतात. पण बनित्सात हात घातलेला विसरत नाहीत. खालच्या आळीच्या एका बाईनं कधीकाळी चाकूनं तुकडा उचलून बघितला होता, तिच्या नातीलाही अजून त्यावरून टोमणे बसतात. वेलिकानं तर जन्मात एका वाचकाचं पुस्तक दुसऱ्याला दिलं नव्हतं. पण आज तिनं ठरवलं. थाळी कुठंही थांबो, सगळ्याच तुकड्यांत आरोग्य घालायचं. केराला नीट दिसत नाही, तिची काडी आपणच काढून द्यायची आणि काहीतरी दुसरं सांगायचं. रालित्साच्या पायावर टेबलाखालून पाय द्यायचा, पोरगी शहाणी आहे.

खरकटं टाकायच्या निमित्तानं ती मागच्या दारानं कुंपणाशी गेली. द्रियानचं झुडूप बर्फात उभं होतं. तिनं भाजीच्या सुरीनं जाड कळ्यांच्या काड्या कापायला सुरुवात केली आणि थबकली. झुडपावर इथंतिथं ताजे पांढरे काप दिसत होते, आणि केराला लागतील त्याहून बरेच जास्त. एका बाजूच्या डहाळ्या तर नुसत्या मोडलेल्या. "हरणं उतरली वाटतं डोंगरातून," ती पुटपुटली. एरवी ती तिथं बसून शोधत राहिली असती, कोणतं हरीण, कधी आलं. आज वेळ नव्हता.

वरचे पापुद्रे घालायच्या आधी तिनं सहाही तुकड्यांच्या जागी, चार माणसांच्या, एक देवाच्या आईच्या आणि एक घराच्या, एकेक जाड कळी दाबली आणि केराच्या बाकीच्या काड्या झग्याच्या खिशात टाकल्या. वरून पापुद्रे घातले, दही-अंडं ओतायला काढून ठेवलं आणि लाकडं आणायला गेली. परत आली तर केरा थाळीपाशी उभी. "जरा क्रूस काढत होते गं वरून," ती म्हणाली. भाजून निघाल्यावर रालित्सा म्हणाली, "आई, तू कपडे बदल, मी कापून ठेवते." वेलिकाला लेकीचं कौतुक वाटलं.

दिवेलागणीला सगळी टेबलाशी जमली. केरानं थाळी गरगर फिरवली, आणि ती थांबल्यावर कौलाच्या तुकड्यावर निखारे घेऊन धूप टाकला आणि टेबलाभोवती फिरवला. सगळ्यांनी उभं राहून माना खाली घातल्या. धूप फिरून झाला. मग देवाच्या आईचा तुकडा आणि घराचा तुकडा बाजूला काढला, आणि ज्याच्यासमोर जो आला तो त्यानं आपल्या ताटलीत घेतला.

"द्या आई, मी काढून देते," वेलिका घाईनं म्हणाली.

"मला हात आहेत," केरा म्हणाली, तुकड्यात बोटं घातली आणि मूठ गच्च मिटली. "प्रवास!"

वेलिकाला काही कळेना. प्रवासाची काडी तर तिच्या बदललेल्या झग्याच्या खिशात होती. तिनं रालित्साच्या पायावर पाय दिला, पण रालित्साही मूठ मिटून मोठ्यानं म्हणाली, "मला घर आलं!" आणि तिनं उलट वेलिकाच्याच पायावर पाय दिला.

"वा," त्सांको म्हणाला. "आजी निघाली प्रवासाला. बघू, मला काय ठेवलंय." त्यानं तुकडा मोडला. काडी निघाली. जाड, गोल कळी.

तिघी एकदम ओरडल्या. केरानं हात जोडले, रालित्सानं टाळ्या वाजवल्या, वेलिकाच्या तोंडून "अगंबाई!" एवढंच आलं. त्सांकोचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ती बोटांत फिरवून बघितली. मग सवयीनं त्यानं आणखी एक घास मोडला, आणि त्यातून दुसरी काडी निघाली. जाड, गोल कळी. टाळ्या थांबल्या. त्यानं काट्यानं उरलेला तुकडा विसकटला. तिसरी निघाली.

ही गोष्ट आता त्सांको स्वतःच सांगतो, तेव्हा इथं थांबून रकिया, आमची फळांची दारू, ओतून घेतो.

"मुठी उघडा," तो म्हणाला.

केरानं उघडली. जाड कळी. तिच्या तुकड्यात आणखी दोन. रालित्साच्या तुकड्यात तीन. त्यानं घराचा तुकडा मोडला, तीन. देवाच्या आईचा मोडला, तीन.

"अरे, देवाच्या आईला काय झालंय? तिलाही आरोग्य?"

रालित्साला हसू आवरेना. केरा तर डोळे पुसायला लागली. "मी एकटीच चोर आहे असं वाटलं होतं गं मला," ती म्हणाली. "कात्री घेऊन सकाळीच कापून ठेवल्या. म्हटलं, हा काहीतरी अडवून ठेवणार आज. ओळखते ना मी."

"मी मोडूनच आणल्या," रालित्सा म्हणाली. "आणि कापताना बाजूनं खुपसल्या."

म्हणजे हरणं ती ही. वेलिकाला मात्र हसू येत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की त्सांकोनं ताटली लोटली आणि हाताची घडी घातली.

"फसवणूक," तो म्हणाला. "ठरलेलं मोडलं. फोन नाही. आणि प्लेव्हेनचं नाव नाही."

सगळं गेलं. वेलिकानं मान खाली घातली. तिचा स्वतःचा तुकडा तसाच होता, तिनं त्यात बोट घातलं.

"तो राहू दे," त्सांको एकदम म्हणाला. "गार झालाय."

एवढं बास झालं. वेलिकाला नको म्हटलं की ती बघणारच. तिनं तुकडा उघडला. एक, दोन, तीन, आणि चौथी. चौथी पापुद्र्याच्या वरच्या वरच खोचलेली होती, आणि रालित्साच्या काडीसारखीच तीही भाजलेली नव्हती. हिरवी, ताजी. तिनं ती दिव्याजवळ धरली. काप लांब, तिरका, एका हातात केलेला. असा काप कात्रीनं होत नाही, भाजीच्या सुरीनंही नाही, आणि मोडलेल्या काडीला तर कापच नसतो. असा काप झाडांना कलम करायच्या सुरीचा, आणि त्या सुरीला घरात एकच माणूस हात लावतो.

त्सांकोचे कान लाल झाले होते.

"ही कधी घातलीस?"

"धूप फिरत होता तेव्हा. तुमच्या माना खाली होत्या."

"तुझा विश्वास नाही ना काड्यांवर?"

"नाही."

"मग घातलीस कशाला?"

त्सांकोनं टेबलावरचा एक कण बोटानं टिपला. "तू मागं राहणार," तो म्हणाला. "एकटीला सगळं ओढावं लागेल. तब्येत तुला लागेल. म्हणून घातली."

वेलिका इतकी चिडली की तिला उभं राहावं लागलं. "मागं राहणार? मला विचारलंस का तू, मला मागं राहायचंय का? स्वतः मरायचं ठरवून टाकलं आणि माझ्या विधवापणाची तजवीज करतोय! वर बनित्सात! अरे, वाईट सांगायला तुला काय लागतं? खुर्चीत बसायचं आणि ओठ मुडपायचे. आम्ही तिघी बर्फात गेलो. ही म्हातारी काठी टेकत गेली. देवाच्या घरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाही आम्ही. आणि तूही गेलास, त्सांको! तूही गेलास की कुंपणाशी! माझ्यासाठी चांगलं मागायला तुला लाज वाटली नाही, मग स्वतःसाठी मागायला काय होतं रे तुला?"

बोलता बोलता तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं तिचं कोडं तिच्या हातात होतं, त्या हिरव्या काडीत. चांगलं सांगणाऱ्याला उद्याचं काही ठाऊक असतं असं नव्हेच. तो समोरच्याला काहीतरी देत असतो. त्सांकोनंही दिलं होतं, चोरून, आणि वाटलं होतं कोणाला कळणार नाही. पण हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. तेव्हा ती बाहीला नाक पुसत होती.

"बनित्सा गार होतेय," केरा म्हणाली.

त्सांकोनं ताटली पुढं ओढली आणि खायला लागला. सगळं खाल्लं, चुरासुद्धा. काड्या त्यानं एका बाजूला नीट ओळीनं ठेवल्या. मग पाणी प्याला आणि कोणाकडंच न बघता म्हणाला, "नंबर कुठं ठेवलाय डॉक्टरणीचा?"

दोन तारखेला त्यानं फोन केला. फोनवर ओरडून बोलला, कारण प्लेव्हेन लांब आहे असं त्याला वाटतं.

दवाखान्यात त्याला दोन खाटांची खोली मिळाली. दुसऱ्या खाटेवर मीन्यो नावाचा ट्रॅक्टरवाला होता, खाली डॅन्यूबच्या सपाटीकडचा. त्सांकोपेक्षा वयानं बराच लहान, रेड्यासारखा दांडगा, आणि भीतीनं अर्धमेला झालेला. त्याची बायको बाळंतपणाला आलेली, म्हणून तो एकटाच होता. आदल्या संध्याकाळपासून त्यानं त्सांकोकडं बघत राहायचं तेवढं काम केलं. काय असतं कोण जाणे त्सांकोच्या चेहऱ्यात, अनोळखी माणसालाही वाटतं, याला कळतं.

सकाळी परिचारिका येऊन सांगून गेली, आधी मीन्यो, मग त्सांको. ती गेल्यावर मीन्योनं विचारलंच.

"काका, तुम्हाला काय वाटतं? येईन का मी बाहेर?"

वेलिका त्सांकोच्या खाटेच्या कडेला बसली होती. नवऱ्याचे ओठ मुडपायला लागलेले तिला दिसले, ती नजर खिडकीकडं वळलेली दिसली. "बघ बुवा," तो आता म्हणणार, आणि हा पोरगा तसाच ढकलगाडीवर जाणार. तिनं पांघरुणाखालून त्याचा हात घट्ट दाबला.

"बघ..." त्सांको म्हणाला आणि थांबला. त्यानं घसा साफ केला. "बघ पोरा, मी आजवर चुकलेलो नाही. आमच्या गावात कोणालाही विचार. कारखान्याचं सांगितलं, तसं झालं. शाळेचं सांगितलं, तसं झालं. विचार हिला."

"चुकलेला नाही," वेलिका म्हणाली.

"तर ऐक. तू बाहेर येणार. दुपारी तहान तहान करणार, आणि या पोरी तुला पाणी देणार नाहीत म्हणून त्यांच्या नावानं बोटं मोडणार. आणि तुझं बाळ तुझ्यासारखंच टोणगं निघणार, घरात मावणार नाही."

मीन्यो हसला. मोठ्या माणसाला न शोभेल असं, सगळे दात दाखवून. माणसं आली, त्यांनी त्याला गाडीवर घेतलं, आणि जाता जाता त्यानं हात वर केला. दार लागलं. चाकांचा आवाज लांब गेला.

"मला काय माहीत त्याच्या काळजातलं," त्सांको हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"चेहरा बघितलास त्याचा?"

"बघितला."

ऊन खाटेवर आलं तरी तो छताकडं बघत पडला होता. त्याचा हात तिच्या हातात होता. मग त्यानं मान तिच्याकडं वळवली. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याकडं काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. मीठ हवं असलं तरी तो उठून घ्यायचा.

"आता मला सांग," तो म्हणाला.

असलं वेलिकानं कधी केलं नव्हतं. कुठून सुरू करावं तेही कळेना.

"इस्टरला रालित्सा येईल," ती म्हणाली. "तू अंडी रंगवायला बसशील आणि सगळं टेबल लाल करून ठेवशील. मी ओरडेन."

"हं."

"मग गवत वाढेल. शेजारच्याची शेळी येऊन आपला कोबी खाईल. तू त्याच्याशी भांडायला जाशील आणि तिथंच जेवून येशील. उन्हाळ्यात आपण बाहेर झोपू. तू घोरशील. आई म्हणेल, बरं झालं, कोल्हे येत नाहीत."

त्सांकोचं पोट हसण्यानं हललं. दाराबाहेर चाकं वाजली. त्यानं डोळे मिटले आणि तिचा हात सोडला नाही.

"अजून," तो म्हणाला. "अजून सांग."